खोटे उपास

लग्न होऊन मी नगरला सावेडीत आले, तेव्हा मला चपात्या धड लाटता येत नव्हत्या. माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. आमच्या रानात गहू यायचा नाही, तो विकत आणावा लागायचा, आणि विकतचं धान्य सणालाच. एरवी बारा महिने बाजरीची भाकरी. पाहुणा आला की आई चार चपात्या करायची, त्या पाहुण्याच्या आणि वडिलांच्या ताटात जायच्या. आम्हा बहिणींना त्याचं काही वाटायचं नाही.

सासरी उलट होतं. सासूबाईही मूळच्या खेड्यातल्याच, पण फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून त्यांनी भाकरी बंद केली होती. कारण विचारलं तर म्हणायच्या, "थापायचा आवाज शेजारी जातो." मला त्यांनी हाताला धरून चपाती शिकवली. घडीची, चार पदरांची. सकाळी चहाबरोबर टोस्ट, डब्यात चपाती, संध्याकाळी पुन्हा चपाती, रविवारी शिरा नाहीतर शेवयांची खीर. मी नोकरी करणारी सून होते, सावेडीच्याच एका शाळेत मराठी शिकवायचे. आमचे हे राहुरीला एका सरकारी कचेरीत होते आणि रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. नणंद कॉलेजात होती. घरात कशाची ददात नव्हती. मी पोटभर जेवत होते आणि वाळत चालले होते.

पहिल्या सहा महिन्यांत पोट बिघडलं ते बिघडलंच. जेवण झालं की पोट ढोलासारखं फुगायचं, आणि अर्ध्या तासात जावं लागायचं. तोंडात फोड यायचे. कोपरांवर बारीक पुरळ उठायचं, ते खाजवून रक्ताळायचं. केस विंचरताना फणीत गुंता निघायचा, हाडं दुखायची. एकेचाळीस किलो वजन झालं तेव्हा मी साडीला आतून पिना लावायला लागले.

सगळ्यात अवघड शाळा होती. शिक्षिकांसाठी एकच संडास, तोही मैदानाच्या पार टोकाला, आणि त्याची चावी शिपायाकडे. तास चालू असताना वर्ग सोडून मला शिपायाला शोधावं लागायचं. दिवसातून तीनदा, चारदा. तो चावी द्यायचा, पण चावी देताना माझ्याकडे बघायचा. मैदान ओलांडताना सगळ्या वर्गांच्या खिडक्या माझ्याकडे आहेत असं वाटायचं. मी दुपारी जेवणंच सोडून दिलं.

आमच्या शाळेत गणित शिकवणारी एक बाई होती. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, लग्न न केलेली. बौद्ध घरातली. वडील मालधक्क्यावर हमाली करून निवृत्त झालेले, आई लोकांच्या घरी धुणीभांडी करून आता घरी बसलेली, आणि ही बी. एस्सी. बी. एड. होऊन दोघांना सांभाळणारी. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची तिच्या शेजारी होती. एक दिवस ती माझ्याजवळ आली आणि माझ्या हातावर एक चावी ठेवली.

"बाजारात दुसरी करून घेतली," ती म्हणाली. "पर्समध्ये ठेवा. कुणाला विचारायचं नाही."

मला काय झालंय हे तिनं विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. मी मैदानावरून परत येईपर्यंत ती माझ्या वर्गाच्या दारात उभी राहायची आणि मुलांना पाढे म्हणायला लावायची. वर्षभरात आम्ही 'अहो मॅडम'वरून 'अगं तू'वर आलो. नगरमध्ये मला 'अगं' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. घरी मी सूनबाई होते, आमचे हे मला काही नावानं हाक मारायचे नाहीत, आणि शाळेत सगळ्यांची मॅडम.

नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आतड्याचा टीबी असावा असं सांगितलं. गोळ्या चालू झाल्या. लघवी केशरी व्हायला लागली, अंगाला गोळ्यांचा वास यायला लागला. सासूबाईंनी माझं ताट, पेला आणि कपबशी वेगळी केली. बोलल्या काही नाहीत. एक दिवस माझा कप कोनाड्यात एकटा ठेवलेला दिसला, एवढंच. टीबी हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही असं ठरलं होतं. नऊ महिने मी त्या गोळ्या खाल्ल्या. पोट होतं तसंच राहिलं.

फक्त मे महिन्यात बरं वाटायचं. सुट्टीत मी माहेरी जायचे, तीन आठवडे राहायचे, आणि दुसऱ्या आठवड्यापासून पोट शांत व्हायचं. तोंडातले फोड जायचे. चेहरा भरून यायचा. परत आले की सासूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आईकडचंच अन्न मानवतं म्हणायचं. आम्ही काय उपाशी ठेवतो का?" त्यांचं चूक नव्हतं. बघणाऱ्याला तसंच दिसणार. मीही तसंच समजत होते. मला वाटायचं, आपलं मनच सासरी रमत नाही आणि ते पोटातून बाहेर पडतं. आपणच नीट नाही आहोत असं मी रोज स्वतःला सांगायची.

त्र्याण्णव साली ह्यांच्या एका साहेबांनी पुण्यातल्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. माळीवाडा स्टँडवरून सकाळच्या गाडीनं आम्ही गेलो. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझी फाईल बाजूला ठेवली आणि नुसतं बोलायला सुरुवात केली. कधी बरं वाटतं का, असं विचारलं.

"माहेरी गेल्यावर," मी म्हणाले. म्हणताना लाज वाटली, कारण हे शेजारीच बसले होते.

"माहेरी काय खाता?"

"बाजरीची भाकरी. कालवण. ठेचा."

"चपाती?"

"आमच्याकडे गहू नसतो."

"आणि सासरी भाकरी?"

"नसते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोपर दाखवा," ते म्हणाले. मी पदर सावरत बाही वर केली. त्यांनी पुरळ बघितलं आणि मान हलवली. मग तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला, तो तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. गव्हात एक चिकट अंश असतो. तो पोटात गेला की माझं शरीर त्याला शत्रू समजतं, आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच आतड्यावर हत्यार चालवतं. टीबी कधीच नव्हता. आजाराचं नाव सीलिॲक. औषध नाही, गोळी नाही. गहू बंद, आणि गव्हाचं जे जे म्हणून असेल ते सगळं बंद. रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, पाव, सगळं. चिमूटभरसुद्धा नाही. जन्मभर.

"तुमच्या आईचं जेवण तुमचं औषध आहे," ते म्हणाले. "भाकरी खा. तांदूळ खा. दोन वर्षांत माणसात याल."

मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं जन्मभराच्या पथ्यानं आलं. मला त्याचं काही नव्हतं. माझं मन वाईट नव्हतं, एवढं कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. टीबी नाही म्हटल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवली. मग मुलाला विचारलं, "पण हे जन्मभराचं आहे?"

"हो."

"घराण्यात उतरतं?"

"उतरू शकतं म्हणाले."

 मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे बघ, मी तुला काही कमी पडू देणार नाही. पण बाहेर बोलू नकोस. पोरीचं लग्न व्हायचंय. लोकांना एवढं इंग्रजी नाव कळत नाही. लोक म्हणतील, आतड्याचं काहीतरी आहे त्यांच्यात. तुझ्या माहेरीपण सांगून ठेव."

मी हो म्हणाले. त्या दुष्ट नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः बाजारात जाऊन माझ्यासाठी नवा तवा आणि लाकडी काठवट घेऊन आल्या. गॅलरीत एक शेगडी मांडली. एकदा मला ताप होता, तेव्हा त्यांनीच माझी भाकरी थापली. इतकी पातळ, इतकी गोल, की मी बघतच राहिले. आयुष्यभर भाकरी थापलेला हात होता तो. त्यांनी स्वतः मात्र एक तुकडाही खाल्ला नाही.

मी गॅलरीत स्वयंपाक करायचे आणि तिथेच पाटावर बसून जेवायचे. आत तिघं जेवायची. आधी आधी हे ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसायचे. पण त्यांच्या चपातीचा चुरा माझ्या ताटात पडेल म्हणून मी आखडून बसायची, ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचं येणं कमी झालं. भांडण असं कधी झालं नाही.

एवढं करूनही मला पहिल्या चार महिन्यांत पूर्ण बरं वाटलं नाही. भाकरी खात होते तरी आठवड्यातून दोनदा पोट बिघडायचंच. कारण सापडलं ते गिरणीत. मी बाजरी घेऊन उभी होते, आणि माझ्या आधीच्या बाईचे गहू संपत आले होते. गिरणीवाल्यानं तिचं पीठ काढलं आणि त्याच जात्यात माझी बाजरी ओतली. पहिलं मूठभर पीठ पांढरं पडलं. मी बघत राहिले. इतके दिवस मी गव्हाचीच भाकरी खात होते, थोडी थोडी.

मी त्याला म्हणाले, "माझं दळण घालायच्या आधी जातं झाडून घ्याल का? मला पथ्य आहे."

तो हसला. "बाई, एकेका दळनाला झाडत बसलो तर धंदा कधी करू?"

दोन दिवसांनी पुन्हा गेले तर तिथे पाटी लावलेली. महाशिवरात्रीनिमित्त उद्या सकाळी उपासाचं दळण. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर त्यानं सगळं जातं खोलून ब्रशनं साफ केलं होतं, कपड्यानं पुसलं होतं, उदबत्ती लावली होती. बायका भगर आणि राजगिरा घेऊन रांगेत उभ्या होत्या. माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घरी जाऊन बाजरीचा डबा घेऊन आले.

"बाजरी? उपासाला?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडे चालते," मी म्हणाले.

त्यानं लगेच दळून दिली. पुढे मी दर पंधरा दिवसांनी जायची, 'उपासाचं आहे' म्हणायची, आणि तो आधी ब्रश फिरवायचा. आजाराला जे मिळालं नाही ते देवाच्या नावावर मिळालं.

तिथूनच ते सुरू झालं. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की केक यायचा, कुणाला मुलगा झाला की बुंदी आणि चिवडा. डबा खाताना आमच्या बायका एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. नको म्हटलं की का नको, आणि एकदा खाल्लं तर काय होतंय. मी म्हणायला लागले, "आज माझा उपास आहे." लगेच सगळ्या थांबायच्या. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी आणि शुक्रवारी काहीतरी तिथी काढायची. डब्यात भगर, दाण्याची आमटी, उकडलेला बटाटा. भाकरी घरी, गॅलरीत.

वर्षभरात माझं वजन नऊ किलोंनी वाढलं आणि माझी कीर्ती झाली. इतके उपास करून बाईंच्या चेहऱ्यावर तेज बघा कसं आलंय, असं मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले. कुणाकुणाच्या सासवा मला व्रतांचे नियम विचारायला लागल्या. हळदीकुंकवाला माझी ओटी पहिली भरायच्या. मी गप्प बसून भरून घ्यायची. सासूबाईंना हे सगळं पसंत पडलं. मला मात्र अशा बायकांत बसलं की वाटायचं, ह्या ज्या बाईशी बोलतायत ती मी नाहीच, आणि जी मी आहे तिला इथे कुणी ओळखत नाही.

गणिताच्या बाईनं माझ्या उपासांचं कधी कौतुक केलं नाही. एकदा हसत म्हणाली, "तुझे एवढे देव कसे गं लक्षात राहतात?" मी पण हसले. तेव्हा तिला सांगता आलं असतं. कितीदा तरी सांगता आलं असतं. तिनं न विचारता माझं सगळं केलं होतं, म्हणून सांगायची वेळच आली नाही, असं मी पुढे स्वतःला समजावत राहिले. खरं कारण एवढंच, की एकदा खोटं रुळलं की ते मोडायला निमित्त लागतं, आणि मी निमित्ताची वाट बघत बसले.

पंच्याण्णवमध्ये तिनं घर बांधलं. सावेडीच्या पुढे तेव्हा नुसती रानं होती, तिथे दोन गुंठे घेऊन दोन खोल्या आणि वर पत्रा. विटा कधी आल्या, गिलाव्याला सिमेंट कमी कसं पडलं, हे सगळं मला रोज कळायचं. घर झालं तेव्हा ती माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाली, "येत्या रविवारी बुद्धवंदना आणि जेवण. रविवारी तुझा एकही देव नसतो, म्हणून मुद्दाम रविवार धरलाय. आईनं सांगितलंय, तुझ्या मैत्रिणीला पोटभर जेवू घालायचंय मला."

मी येते म्हणाले. ठरवलं होतं की नुसता भात घ्यायचा, थोडं वरण घ्यायचं. निभेल.

शाळेतून आम्ही पाच जण गेलो होतो. वंदना झाली, पंचशील झालं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या तिच्या नात्यातल्या बायका, पोरंबाळं, नव्या चुन्याचा वास. जेवायची पंगत बसली तेव्हा आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, "आमचं घरून झालंय, आम्ही नुसता चहा घेऊ." त्या बाहेर खुर्च्यांवर बसून राहिल्या. का, ते तिथे सगळ्यांना कळत होतं. मी पंगतीत बसले.

पत्रावळीवर आधी भातच आला. मला हायसं वाटलं. मी हात पुढे करणार, तेवढ्यात तिची आई स्वतः पातेलं घेऊन माझ्यापुढे वाकली. बुटकी, काटक बाई, हातात नव्या बांगड्या. तिनं माझ्या भातावर डावभर शिरा घातला. वर दोन पुऱ्या ठेवल्या.

"खा बाई," ती म्हणाली. "तू आल्यानं लई बरं वाटलं."

शिऱ्याचं तूप भातात उतरत होतं. आता त्या पत्रावळीवर माझ्या खाण्याचं काही उरलं नव्हतं. एक घास घेतला असता तर आठवडाभर पडून राहिले असते, याहून जास्त काही झालं नसतं. आज मी तो हिशेब मांडू शकते. तेव्हा मला फक्त तो शाळेतला संडास आठवला, ते मैदान आठवलं, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"आज माझा उपास आहे."

गणिताची बाई वाढायला माझ्यामागेच उभी होती. तिनं ऐकलं. मी वळून बघितलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. ती बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या त्या दोघींकडे बघत होती.

तिची आई गोंधळली. "रविवारचा?" तिनं विचारलं.

भिंतीला टेकून तिचे वडील बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "असू दे. आग्रह नको करू. पानी दे त्यान्ला, पानी चालत असंल तर."

पाणी आलं. ते तांब्याभर पाणी मी सगळ्यांदेखत संपवलं. कुणी ते पाहिलं असेल असं वाटत नाही. माझी भरलेली पत्रावळ एका मुलीनं उचलून नेली. मी थोडा वेळ बसले आणि त्या दोघींबरोबर बाहेर पडले. वाटेत त्यांच्यातली एक मला म्हणाली, "तुम्ही बरं केलंत हो उपासाचं सांगितलंत. आम्हाला सुचलंच नाही." रिक्षात कोपऱ्याला बसून आले.

सोमवारी शाळेत तिनं मला विचारलं, "मॅडम, सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे तुमच्याकडे आहेत का?"

तुमच्याकडे. तीन वर्षांनी मी तिच्या तोंडून हे ऐकत होते. तिच्या आवाजात राग नव्हता. शिपायाशी, मुख्याध्यापकांशी, पालकांशी ती जशी बोलायची तसाच आवाज होता.

पुढचे वीस दिवस मी रोज तिला सांगायचं ठरवून जायची आणि तसंच परत यायची. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिला तिच्या वर्गात गाठलं. ती फळा पुसत होती. मी पर्समधून पुण्याच्या डॉक्टरांची फाईल काढली आणि सगळं सांगितलं. टीबीच्या गोळ्या, गहू, गिरणी, सासूबाई, नणंदेचं लग्न. फाईल तिच्यापुढे टेबलावर ठेवली.

तिनं ती उघडली नाही.

"म्हणजे तुम्हाला चपाती चालत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"भाकरी चालते."

"हो."

"माझ्या आईनं जन्मभर भाकरीच केली आहे. त्या दिवशी तिनं पुऱ्या केल्या, शिरा केला, कारण तुम्ही येणार होतात. भाकरी पुढे करायची तिला लाज वाटत होती."

मी टेबलावरच्या फाईलकडे बघितलं.

"माझे वडील काय समजले ते तुम्हाला कळलं ना?"

"कळलं. म्हणून तर आले."

"तिथेच का नाही सांगितलंत? एका वाक्याचं काम होतं."

मी म्हणाले, "मी घाबरले."

तिनं डस्टर खाली ठेवलं. हाताला खडू लागला होता तो झटकला. "मॅडम, तुमचा आजार खरा आहे, मला पटतंय. तो खोटा असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण मी तुम्हाला चावी आणून दिली तेव्हा काही विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, न विचारता चालतं आपलं. तसं नव्हतं." मग तिनं फाईल उचलून माझ्या हातात दिली. "पथ्य सांभाळा."

पुढच्या जूनमध्ये तिला संगमनेरकडच्या एका शाळेत नोकरी लागली. निरोपाच्या कार्यक्रमाला समोसे होते. मी त्या दिवशी उपास आहे असं म्हणाले नाही. म्हणाले, "मला गव्हाचा आजार आहे, मला चालत नाही." बायकांनी ऐकलं, एकमेकींकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, "असा कुठं आजार असतो का?" गणिताची बाई तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलत होती. तिच्या कानावर गेलं की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मी उपास सोडले. घरी सासूबाईंशी त्यावरून मोठं वाजलं, चार महिने अबोला होता. नणंदेचं लग्न पुढच्या वर्षी व्यवस्थित झालं, कुणी काही विचारलं नाही. लग्नात मी वधूपक्षाच्या खोलीत बसून डब्यातली भाकरी खाल्ली. शाळेत माझं कौतुक बंद झालं. उपासाचा मान असतो, आजाराचा नसतो. आधी बायका मला ओटीला बोलवायच्या, आता माझ्यासाठी वेगळं काय करायचं हा त्रास नको म्हणून बोलवायच्या नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि आतडं पूर्ण बरं झाल्याचं सांगितलं. बावन्न किलो वजन होतं. हाडं दुखायची थांबली होती. मी मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून डबा खायची आणि वह्या तपासायची.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एकदा भाजीबाजारात तिची आई भेटली. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होते, पण तिनंच हाक मारली.

"बाई, बरी दिसती आता. तुझ्या पोटाचं पोरीनं सांगितलं मला. जायच्या आधी सांगितलं." मग म्हणाली, "घरी चल. भाकरी खाऊन जा."

मी म्हणाले, "आज नको, पुन्हा येईन."

"पुन्ना कधी? आत्ता चल."

मी गेले. घराला आता रंग दिला होता, पुढे पेरूचं झाड लावलं होतं. वडील आत खाटेवर होते, त्यांना नीट दिसत नव्हतं. आईनं मला विचारलं, "ह्या तव्यावर चपाती केल्ती काल. चालंल का?" मी खरं ते सांगितलं, नाही चालणार. तिनं तवा राखेनं घासला, धुतला, पुन्हा घासला, चुलीवर लाल होईपर्यंत तापवला, आणि मला दाखवला. "आता?" मी हो म्हणाले. ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं, पिठल्यात हिंग घालू का म्हणून विचारलं. डबीतल्या हिंगात मैदा असतो हे मला वर्षभरापूर्वीच एका दुकानदारानं सांगितलं होतं, म्हणून तोही नको म्हणाले. तिला त्याचा राग आला नाही. आम्ही तिघं जेवलो. मी दोन भाकरी खाल्ल्या. वडील मधेच म्हणाले, "घ्या अजून, लाजू नका." त्या दिवसाबद्दल माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं होतं, पण ते आईला म्हणाले, "ह्यान्ला पिठलं वाढ," आणि मग तो विषय काढता आला नाही.

निघताना मी मुलीची चौकशी केली. ती बरी होती, तिकडेच खोली घेतली होती. दिवाळीला येते म्हणाली.

"मी येऊन गेले म्हणून सांगा," मी म्हणाले.

"सांगते की."

दिवाळीत मी रोज संध्याकाळी गॅलरीत थांबायची. आमचा फ्लॅट तिला माहीत होता. सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा शिपायानं सांगितलं, "गणिताच्या बाई आल्त्या की. आठ दिवस हुत्या नगरमधी. शाळंत पन येऊन गेल्या एकदा, साहेबांना भेटाया."

मी बरं म्हणाले आणि तासावर गेले.